एकवीस घड्याळांची गोष्ट

१ जुलै २०१३ च्या रात्री ११ वाजून ४१ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी२२ हा अग्निबाण सुटला. त्याच्या माथ्यावर १४२५ किलो वजनाचा आयआरएनएसएस-१ए होता. दिशादर्शनासाठी भारताने सोडलेला हा पहिला उपग्रह.

अमेरिकेची जीपीएस फुकट मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे कुणीही विचारील. आठवत असेल, मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती थांबली. आदेशाने जे थांबते ते आदेशाने पुन्हा सुरूही होऊ शकते. २००६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या योजनेला मंजुरी दिली, त्यामागे ही धास्ती होतीच.

योजना काटकसरीची. सगळ्या जगासाठी चोवीस उपग्रह लागतात. आपल्याला भारत आणि भोवतालचा दीड हजार किलोमीटरचा टापू पुरे, म्हणून सात. त्यांतले तीन आकाशात एका जागी स्थिर भासतात, उरलेले चार कललेल्या कक्षांतून इंग्रजी आठचा आकडा गिरवत राहतात. २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा गेला आणि पंतप्रधानांनी या यंत्रणेचे नाव ठेवले ‘नाविक’.

खरी गोष्ट मात्र घड्याळांची आहे. उपग्रह फक्त वेळ सांगतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून आपले यंत्र अंतर काढते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर तीनशे मीटरने चुकते! म्हणून प्रत्येक उपग्रहावर रुबिडियमची तीन अणुघड्याळे बसवली होती. ती होती परदेशी. २०१६-१७ च्या सुमारास १ए वरची तिन्ही बंद पडली. उपग्रह धडधाकट, पण वेळ सांगेना. पुढे इतर उपग्रहांवरही हेच दुखणे निघाले. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनाही घड्याळांनी असाच त्रास दिला, एवढेच काय ते समाधान.

बदली म्हणून ३१ ऑगस्ट २०१७ रोजी १एच निघाला. अग्निबाणाचे उष्णतारोधक कवच उघडलेच नाही आणि उपग्रह आतच कोंडला गेला. १२ एप्रिल २०१८ रोजी १आय पोचला, तेव्हा कुठे जागा भरली.

मग अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात देशी रुबिडियम घड्याळ तयार झाले. २९ मे २०२३ रोजी ते एनव्हीएस-०१ वरून अवकाशात गेले. माझ्या मते या साऱ्या प्रवासातली सर्वांत मोलाची तारीख हीच, पण तिचा गाजावाजा फारसा झाला नाही. २९ जानेवारी २०२५ ला एनव्हीएस-०२ गेला. श्रीहरिकोट्याचे ते शंभरावे उड्डाण होते. अग्निबाणाने काम चोख केले. उपग्रहाच्या स्वतःच्या इंजिनाकडे ऑक्सिडीकारक नेणारी झडप उघडली नाही आणि तो वरच्या कक्षेत जाऊ शकला नाही.

आपली जागा कळायला एका वेळी किमान चार उपग्रह लागतात. स्थाननिश्चितीची सेवा नाविकचे चारच उपग्रह देत आहेत, असे जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितले.