कुलाबा रेल्वे स्थानक

कुलाबा रेल्वे स्थानक : बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे दक्षिण मुंबईतील, १९३० अखेर बंद झालेले अंत्यस्थानक.

लोहमार्ग कुलाब्याला नेण्यामागे तेथील कापूस बाजाराचे आकर्षण होते (पहा : कापूस व्यापार). प्रशस्त अंत्यस्थानक १८९६ मध्ये खुले झाले. लांब पल्ल्याच्या व उपनगरी, दोन्ही गाड्या तेथून सुटत. वापर घटल्याने स्थानक बंद पडले असावे, असा तर्क सहज सुचतो. पण ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा–बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण झाले होते, आणि ओस पडत चाललेल्या मार्गावर कोणी असा खर्च करत नाही. मग तीन वर्षांच्या आत मार्ग का उखडला? कारण जमिनीत शोधावे लागते. बॅकबे भरावामुळे (पहा : बॅकबे भराव योजना) चर्चगेटच्या दक्षिणेकडील किनारपट्टी नगररचनेसाठी हवी होती आणि रूळ तिच्या आड येत. लांब पल्ल्याच्या गाड्यांची सोय डिसेंबर १९३० मध्ये उघडलेल्या बॉम्बे सेंट्रलला झाली. उपनगरी वाहतूक चर्चगेटला थांबली. कापूस बाजार त्याआधीच शिवडीकडे सरकला होता हा आक्षेप रास्त आहे, परंतु त्याने मालवाहतुकीची घट समजते, प्रवासी मार्गाची अखेर नव्हे. स्थानकाच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे.