शिस्त आणि जाच : वेस्ट पॉइंटचा इतिहास

हडसन नदीच्या तीरावर १८०२ साली स्थापन झालेल्या वेस्ट पॉइंट येथील अमेरिकी लष्करी विद्यालयात, यादवी युद्धानंतरच्या दशकांत असा शिरस्ता रूढ झाला होता की, नवागत छात्राचे मन आणि शरीर कणखर करण्याचा अखत्यार त्याच्याहून एकदोन वर्षांनीच वडील असलेल्या पोरसवदा छात्रांनी परस्पर आपल्याकडे घ्यावा आणि अधिकाऱ्यांनी त्याकडे डोळेझाक करावी. हात पसरून अगणित बैठका काढावयास लावणे, हनुवटी आत ओढून ताटकळत उभे करणे, तिखटजाळ सॉस बळेच पाजणे, हे त्या शिरस्त्याचे प्रकार होत. बैठका आपल्या तालमीतही निघतात, परंतु तेथे पठ्ठ्याचा दम ओळखणारा वस्ताद समोर उभा असतो. वेस्ट पॉइंटच्या तंबूत रात्री तसे कोणीही नसे.

१८९८ साली दाखल झालेला ऑस्कर बूझ काही महिन्यांतच विद्यालय सोडून घरी परतला आणि डिसेंबर १९०० मध्ये घशाच्या क्षयाने निवर्तला. बळेच पाजलेल्या त्या तिखटजाळ सॉसनेच मुलाचा घात केला, असा त्याच्या कुटुंबीयांचा आरोप होता. वृत्तपत्रांनी काहूर उठविले व प्रतिनिधिगृहाने चौकशी आरंभिली. साक्षीस बोलावलेल्या छात्रांत डग्लस मॅकआर्थरही होता. पिता फिलिपीन्समध्ये सेनापती असल्यामुळे त्याच्या वाट्याला जाच अधिकच आला होता आणि बैठका काढताकाढता तो आचके देत कोसळलाही होता. तथापि छळणाऱ्यांची नावे सांगण्याचे त्याने शक्य तितके टाळले. ज्याने सोसले त्यानेच पांघरूण घालावे, यात मला त्या प्रथेचे खरे बळ दिसते. बूझच्या मृत्यूचा दोष प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने छळावर ठेवला नाही, परंतु प्रथेचा तीव्र निषेध केला; १९०१ मध्ये काँग्रेसने कायद्याने तिला मनाई केली.

कायद्याने प्रथा मेली नाही. १९१९ साली मॅकआर्थर त्याच विद्यालयाचा अधीक्षक होऊन आला, तेव्हा त्याने कष्ट यत्किंचितही कमी न करता नवागतांच्या पहिल्या उन्हाळ्याची तालीम वरिष्ठ छात्रांकडून काढून जबाबदार अधिकाऱ्यांच्या हाती सोपविली. कष्ट देणाऱ्याला त्या कष्टांचा जाब देणे भाग पाडणारी ही सुधारणा मला कायद्याहून मोलाची वाटते. जुन्या छात्रांना मात्र ती परंपरेचा अवमान वाटली. १९२२ मध्ये त्याची बदली होताच त्याच्या जागी आलेल्या स्लेडनने तिच्यातील बराच भाग रद्द करून टाकला.