डोकी कोण मोजतो?

मागच्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासवर्गात वाद झाला. नगर जिल्ह्यातला एक ख्रिस्ती दोस्त आला होता. आपल्यातलाच. त्याच्या पणज्याने बाप्तिस्मा घेतला, माझ्या आज्याने १९५६ साली दीक्षा. गावकुसाबाहेरची जागा दोघांची एकच. बोलता बोलता तो म्हणाला, "जगात दोनशे कोटींच्या वर ख्रिस्ती आहेत. एवढी माणसं पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट धरून आहेत, ती काय उगाच?" आमच्यातली एक पोरगी लगेच उसळली, "मग जात मानणारे काय कमी हायेत? ती पण खरी म्हणायची का?" दोस्त गप्प झाला. चहा आला आणि विषय तिथंच राहिला.

माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्याला रोज कुणी ना कुणी हेच ऐकवतो: बहुसंख्य लोक मानतात, तुम्ही मूठभर कोण? म्हणून म्हटलं, ज्या धर्माच्या नावाने दोस्त बोलला त्याच धर्माच्या इतिहासात जाऊन बघू, तिथं बहुमताने सत्य ठरलं का?

इसवी सन ३२५. रोमन बादशहा कॉन्स्टंटाईन याने नायसिया या गावी बिशपांना बोलावलं. आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक ते हेच. सुमारे तीनशे बिशप जमले. भांडण उभं केलं होतं अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूने. त्याचं म्हणणं, पुत्र म्हणजे ख्रिस्त हा पित्याने निर्माण केलेला. तो नव्हता असाही काळ होता. परिषदेने ठरवलं, नाही, पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे. जवळजवळ सगळ्यांनी सह्या ठोकल्या. दोन बिशपांनी नकार दिला, तर बादशहाने एरियससकट त्यांनाही हद्दपार केलं. झालं! सत्य ठरलं!

ठरलं कुठे? ३३७ साली कॉन्स्टंटाईन मेला. गादीवर पोरं आली. त्यातला कॉन्स्टँटियस नायसियाच्या ठरावाविरुद्ध असलेल्या बिशपांकडे झुकलेला. आता हद्दपारी उलट्या बाजूला सुरू झाली. नायसियाचा ठराव धरून बसलेला अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस आयुष्यात पाच वेळा हद्दपार झाला, एकंदर सतराएक वर्षं परागंदा होता.

आणि मग ३५९ साल. हे नीट वाचा, दोस्तांनो. इटलीत अरिमिनम, म्हणजे आजचं रिमिनी, तिथं चारशेच्या वर बिशप जमवले. नायसियापेक्षा जास्त. सुरुवातीला त्यातल्या बहुतेकांनी नायसियाचाच ठराव उचलून धरला. विरोधात होते ऐंशीच्या आसपास. म्हणजे बहुमत स्पष्ट होतं. पण टॉरस नावाच्या अधिकाऱ्याला बादशहाचा हुकूम होता: नव्या मसुद्यावर सह्या झाल्याशिवाय कुणाला घरी सोडायचं नाही. महिने गेले. हिवाळा आला. म्हातारे बिशप परक्या गावात अडकून पडलेले. एकेक करत सह्या पडत गेल्या. शेवटी वीसेक उरले, त्यांनाही गोडीगुलाबीने गुंडाळलं. दोन वर्षांनी टॉरस कॉन्सल झाला, रोमन राज्यातलं मोठ्या मानाचं पद. नंतर जेरोम या पंडिताने हळहळत लिहून ठेवलं की सारं जग एरियसच्या मताचं होऊन बसलं.

पुन्हा बादशहा बदलला. ३८० साली थिओडोसियसने फर्मान काढून नायसियाची बाजू राज्याचा धर्म केली. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरली, तीत दीडशेच बिशप. आणि आज जगभरच्या चर्चमधून जो नायसियाचा विश्वासांगीकार म्हटला जातो तो या दीडशेंच्या परिषदेशी जोडलेला. डोकी मोजायची तर अरिमिनमचे चारशे जिंकायला हवेत. ते हरले. म्हणजे खुद्द चर्चनेही शेवटी डोकी मोजली नाहीत.

आता पिता-पुत्र एक तत्त्व की दोन, यात माझं सोयरसुतक नाही. मी बौद्ध माणूस. मला बघायचंय ते एवढंच, की सह्या कशा पडतात.

चर्चच्या बाजूनेही एक म्हणणं आहे, ते लपवून कशाला ठेवू? ४३४ च्या सुमारास व्हिन्सेंट नावाच्या साधूने कसोटी सांगितली: जे सगळीकडे, सर्वकाळ, सगळ्यांनी मानलं तेच धरावं. ऐकायला पक्कं वाटतं. पण त्यालाच पुढे विचारावं लागलं, चर्चचा मोठा भागच चुकीच्या वाटेला गेला तर? आणि उदाहरण म्हणून त्याने एरियसचाच काळ घेतला. अशा वेळी जुनं काय होतं ते बघा, असं त्याचं उत्तर. जुनं! आपल्या लोकांना जुन्याचा अनुभव काय आहे ते इथं सांगत बसत नाही.

म्हणाल, सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचं हे भांडण, आपल्याला काय त्याचं? मग जवळचं घ्या. दक्षिण आफ्रिका.

तिथं डच वसाहतवाल्यांचं चर्च, डच रिफॉर्म्ड. १८२९ साली केपच्या धर्मसभेत प्रश्न आला, काळ्यागोऱ्यांना प्रभुभोजन एकत्र द्यायचं का? सभेने सांगितलं, एकत्रच. रंग आणि जात बघायची नाही, देवाचं वचन तसंच आहे. अठ्ठावीस वर्षं गेली. १८५७ साली त्याच सभेने नवा ठराव केला. भाषा मोठी गोड. काळ्या विश्वासणाऱ्यांना चालू मंडळ्यांमध्येच घ्यावं हे इष्ट आहे आणि शास्त्राला धरून आहे. परंतु काहींच्या दुबळेपणामुळे जिथं अडचण येईल तिथं त्यांनी वेगळ्या इमारतीत उपासना करावी.

काहींच्या दुबळेपणामुळे! कुणाचा दुबळेपणा? शेजारी काळा माणूस बसलेला ज्याला सोसत नाही त्या गोऱ्याचा. दुबळा तो, आणि उठून बाहेर कोण गेला? ही भाषा आपल्या ओळखीची आहे. सवर्णांची मनं अजून तयार नाहीत, घाई करू नका. महाडला काय झालं? १९२४ साली नगरपालिकेने ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. सत्याग्रह झाल्यावर, ४ ऑगस्ट १९२७ ला, त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. तळं तेच, पाणी तेच. हात वर करणारे फिरले.

१८५७ च्या ठरावात वेगळं बसणं ही सवलत होती. सवलतीचा रिवाज झाला, रिवाजाचा कायदा. १८८१ साली मिश्रवर्णी लोकांसाठी वेगळं मिशन चर्चच काढलं. १९४८ साली वर्णभेदाचं सरकार आलं, त्याचा पंतप्रधान मलान हा स्वतः एकेकाळचा पाळक. मग शास्त्रातून आधार शोधणं सुरू झालं. बाबेलच्या बुरुजाच्या कथेत देवाने भाषा वेगळ्या केल्या ना? मग देवालाच माणसं वेगळी हवीत! १९७४ सालच्या अहवालातही या चर्चने असंच काहीबाही मांडलं. गोऱ्या आफ्रिकानेर ख्रिस्ती माणसांचं प्रचंड बहुमत याच्या पाठीशी होतं. रविवारी मनापासून प्रार्थना करणारी माणसं होती ती, ढोंगी म्हणून सोडून देता येत नाहीत. तेच जास्त भयंकर आहे.

आणि बहुमत तरी कुणाचं? त्या देशात काळे ख्रिस्ती गोऱ्यांहून कितीतरी जास्त. पण मोजणीचा कागद गोऱ्यांच्या हातात.

२१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं गोळ्या घालून मारली. त्या डिसेंबरात कॉटेस्लो इथं चर्चांची बैठक झाली. रंगावरून कुणाला कुठल्याही चर्चमधून वगळता येणार नाही, असं तिने म्हटलं. डच रिफॉर्म्डच्या प्रतिनिधींनीही मान डोलावली. पंतप्रधान फेरवूर्ट खवळला. पुढच्या साली त्यांच्याच धर्मसभांनी कॉटेस्लो झिडकारलं. पुन्हा बहुमत.

त्या प्रतिनिधींपैकी एक बायर्स नौदे मागे हटला नाही. गोऱ्यांच्या गुप्त ब्रूडरबॉन्डमधला, घरंदाज माणूस. १९६३ साली त्याने पाळकपद सोडलं, ख्रिश्चन इन्स्टिट्यूटचं काम हाती घेतलं. १९७७ ते १९८४ सरकारने त्याच्यावर बंदी घातली. आपल्याच लोकांत एकटा पडला. नौदेचं कौतुक करताना एक सांगितलं पाहिजे: त्याला सोडायला पाळकपद तरी होतं, बाहेर बसवलेल्यांना तेही नव्हतं.

त्यांचा आवाज १९८२ साली उठला. ओटावाला रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक सभेत मिशन चर्चच्या ॲलन बुसाक यांच्या पुढाकाराने वर्णभेद पाप आणि त्याचं धार्मिक समर्थन पाखंड ठरलं. तिथंही मतदानच झालं, हे विसरू नका. त्याच साली वेगळ्या बसवलेल्या मिशन चर्चने केपटाऊनजवळ बेल्हारला स्वतःचा विश्वासांगीकार लिहिला, १९८६ साली तो पक्का केला. त्यात म्हटलंय, देव गोरगरीब आणि अन्याय झालेल्यांच्या बाजूला उभा आहे, चर्चनेही तिथंच उभं राहावं. २०११ साली गोऱ्या चर्चच्या सर्वसाधारण सभेने तो स्वीकारण्याच्या दिशेने पाऊल टाकलं. पण प्रांतिक सभांचं दोन तृतीयांश मत लागत होतं. ते मिळालं नाही.

हे सगळं मी पुढच्या वर्गात सांगितलं. दोस्ताने शांतपणे ऐकलं. त्याच्या बाजूनेही एक भर घातली, की जानेवारी १९३८ मध्ये बाबासाहेब सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढे बोलले तेव्हा दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळतात हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मग मलाच विचारलं, "पण तुम्ही पण नागपूरचा आकडा सांगताच की रे. पाच लाख. तो कशाला सांगता?"

खरं आहे. सांगतो. छाती फुगवून सांगतो. त्या दिवशी मैदानात पन्नास माणसं असती तर धम्म काय खोटा ठरला असता? बुद्धाने कालामांना सांगितलं की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. त्यात मैदान भरलंय म्हणून माना, असंही नाही. १९३५ ला येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केल्यावर बाबासाहेबांनी एकवीस वर्षं घेतली. १४ ऑक्टोबरला आधी चंद्रमणी महास्थविरांकडून स्वतः दीक्षा घेतली, मग लोकांना दिली. आणि बावीस प्रतिज्ञा काढून बघा. लाखोंनी एका आवाजात म्हटल्या, पण मजकुरात "आम्ही" नाही, प्रत्येक वेळी "मी" आहे.

दोस्ताने प्रतिज्ञांचा कागद मागून घेतला, खिशात घातला. बेल्हारचं मराठी कुठे मिळेल, असं विचारलं. मला ठाऊक नव्हतं. इंग्रजीतलं आणलंय, थोडक्या पानांचं आहे. रविवारी तो उपासनेहून आला की आम्ही दोघं बसून मराठी करतोय. पहिल्याच वाक्यात "चर्च" ठेवायचं की "मंडळी", यावर अडलोय.