तीन चाकांची गाडी विंटेज नसते

डिसेंबरमधला रविवार, सकाळचे सात, मंडई. मित्राची प्रीमियर पद्मिनी, तिच्यामागे एक अ‍ॅम्बॅसेडर आणि शेवटी बजाज चेतक. महिन्यातून एकदा ही मंडळी आपापल्या जुन्या गाड्या बाहेर काढतात, पेठांतून चक्कर मारतात आणि मिसळ खातात. माझ्याकडे जुनी गाडी नाही. मी मिसळीसाठी जातो.

पाच मिनिटांत घोळका जमला. कुणी पद्मिनीच्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढला, कुणाला वडिलांची फियाट आठवली. बाजूला कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "छान आहेत रे गाड्या. पण ह्या मंडईत कधी येत होत्या? तो लांब नाकाचा टेम्पो आणायचा की एखादा."

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण तसा एक टेम्पो आमच्या गावी गोठ्यामागे उभा आहे. त्यात कोंबड्या राहतात. दिवाळीतच काकाने सांगितलं होतं, भंगारवाला बघून गेलाय.

तो टेम्पो म्हणजे हॅन्सीट. हॅम्बुर्गमध्ये १९२८ साली सुरू झालेली 'टेम्पो' ही कंपनी छोट्या व्यापाऱ्यांना परवडतील अशा तीनचाकी मालगाड्या बनवायची. नगरचे नवलमल फिरोदिया पेशाने वकील, स्वातंत्र्य चळवळीतले. त्यांनी १९५८ साली या कंपनीशी करार करून 'बजाज टेम्पो' उभी केली. कारखाना पुढे आकुर्डीला आला. हॅन्सीटची रचना अजब होती: जर्मन मॉडेलमध्ये दोन सिलिंडरचं, जेमतेम ४०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकुलत्या चाकावरच बसवलेलं, आणि ताकद साखळीने त्याच चाकाला. म्हणून ते लांब नाक. याच गाडीला मागे बाकं टाकून प्रवासी बसवले की लोक तिला 'डुक्कर रिक्षा' म्हणायचे.

पुढे जर्मनीत ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विरून गेली. तिथे आज 'टेम्पो' म्हटलं की लोक खिशातला कागदी रुमाल काढून देतात, कारण त्या नावाचा रुमालांचा ब्रँड घराघरांत आहे. आपल्याकडेही 'बजाज टेम्पो'चं २००५ साली 'फोर्स मोटर्स' झालं. शब्द मात्र मंडईत राहिला. माल वाहणारी गाडी कुठल्याही कंपनीची असो, पावती फाडणाऱ्यापासून हमालापर्यंत सगळ्यांसाठी तो टेम्पोच.

आबांनी आमचा टेम्पो १९७३ साली जुना घेतला. पुस्तकावर पहिली नोंदणी १९७०ची आहे. सासवडकडचा वाटाणा भरून रात्री दोनला निघायचं आणि दिवे घाट उतरायचा. जाताना माल आणि उतार, येताना रिकामी गाडी आणि चढ. आबा म्हणतात, भीती चढाची नव्हती, ब्रेकची होती. घाऊक बाजार मंडईतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलला, तेव्हा तेही तिकडे जाऊ लागले. पण 'पुण्याला गेलो होतो' म्हणजे त्यांच्या बोलण्यात अजूनही मंडईच. १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून उघडलेली ही दगडी इमारत आता महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते. नगरपालिकेत सदस्य असताना जोतीरावांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता. शिक्षणाला पैसा द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

मिसळीच्या टेबलावर मी मोबाइलवर नियम उघडले. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली हवीत. १९७०! मी उठून उभाच राहिलो. मग पुढची ओळ वाचली: फक्त दुचाकी आणि चारचाकी.

तीन चाकं यादीतच नाहीत. जी चारचाकी यादीत आहे, तीही प्रवासी गाडी. शिवाय विंटेज गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' वयाची अट ३० वर्षं ठेवते, पण रोजच्या वाहतुकीला वापरात नसावी ही अट तिचीही आहे. म्हणजे गाडी जितकी कमी राबेल तितकी ती मोठी. मित्र म्हणाला, "नियम तर बरोबरच आहे ना, नाहीतर लोक जुने ट्रक विंटेज म्हणून पळवतील." त्याचंही खरं आहे. तरी मला राग आला.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचं वय ऑक्टोबर २०२३मध्ये संपलं, तेव्हा पानंच्या पानं लेख आले. मीही वाचले, हळहळलो. त्या टॅक्सीत माणसं बसली होती, म्हणून तिच्या आठवणी लिहिणारे होते. टेम्पोत भाजी बसायची. चालवणाऱ्याला रात्री दोनला निघायचं असायचं, त्याने कधी लिहायचं?

घरी येऊन काकाला फोन केला. "कायद्यात बसत नाही ना? मग काय पूजा करायची त्याची?" काका म्हणाला. "गोठा वाढवायचाय मला." त्याचीही चूक नाही. जागा त्याची आहे, शेणही तोच काढतो. खूप ताणल्यावर त्याने भंगारवाल्याला संक्रांतीपर्यंत थांबवायचं कबूल केलं.

आता नोंदणीचा नाद सोडलाय. आधी इंजिन फिरतं का ते बघू. मित्र पुढच्या रविवारी पद्मिनी घेऊन गावी येतोय. त्याआधी नाना पेठेत साखळी शोधायची आहे, आणि कोंबड्यांची दुसरीकडे सोय करायची आहे. पद्मिनीच्या सगळ्या शौकिनांत त्याच एकाला ग्रीसमध्ये हात घालायला आवडतं.

आबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "सुरू झाला, तर भरणार काय त्यात?"