सात मिनिटं उशिराची मॅच

तर मंडळी, तारीख २१ जानेवारी २००७, रविवार. नागपुरात भारत-वेस्ट इंडीज वन-डे. गांगुलीचं पुनरागमन, ९८ वर रनआऊट! भारताच्या ३३८ धावा, समोर चंदरपॉल नाबाद १४९, आणि शेवटी आपण १४ धावांनी जिंकलो. मॅच महाराष्ट्रात झाली, पण आमच्या जळकोटात ज्याच्या घरावर नुसता अँटेना होता त्याला ती लाइव्ह दिसली नाही. हक्क निंबस कंपनीकडे होते आणि दूरदर्शनला फीड द्यायचं की नाही यावर कोर्टात भांडण चालू होतं.

हे भांडण मात्र जुनं. ९० च्या सुरुवातीपर्यंत मॅच दाखवायची तर दूरदर्शननेच. मॅच दाखवायला दूरदर्शन उलट बोर्डाकडेच पैसे मागायचं, असं बोर्डाच्या तेव्हाच्या पदाधिकाऱ्यांनी नंतर सांगितलंय. आज विश्वास बसत नाही ना?

मग आला नोव्हेंबर १९९३ चा हीरो कप. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. सचिनची ती शेवटची ओव्हर सगळ्यांना आठवते, पण खरी मॅच कोर्टात चालू होती. बंगालच्या क्रिकेट संघटनेने हक्क टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले. सरकार म्हणालं, १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानुसार आमच्या परवानगीशिवाय प्रक्षेपण नाही. कंपनीची उपकरणं कस्टम्सने अडवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. न्या. पी. बी. सावंत (आपले मराठी माणूस) आणि दोन सहकारी न्यायमूर्तींनी सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. खाजगी चॅनेलवाल्यांनी हे वाक्य डोक्यावर घेतलं. पण त्याच निकालात असंही होतं, की मक्तेदारी खाजगी असली तरी ती तितकीच वाईट. हा अर्धा भाग सोयीस्कररीत्या विसरला गेला.

पुढे पैसा वाढला तशी भांडणंही वाढली. २००४ च्या पाकिस्तान दौऱ्यात सुप्रीम कोर्टाने टेन स्पोर्ट्सला फीड दूरदर्शनला द्यायला लावलं, टेनच्या लोगो आणि जाहिरातींसकट. २००६ मध्ये निंबसने चार वर्षांसाठी ६१.२ कोटी डॉलर मोजले. एवढे मोजल्यावर कोण फुकट वाटेल? म्हणून नागपूर झालं. मग दिल्ली हायकोर्टाने तोडगा काढला: दूरदर्शनने मॅच सात मिनिटं उशिरा दाखवावी. आपण आयटीवाले लेटन्सी मिलिसेकंदात मोजतो, इथे चक्क सात मिनिटं! :-) म्हणजे शेजारच्या केबलवाल्याच्या घरून आरडाओरडा आला की समजायचं, आपल्याकडे सात मिनिटांनी विकेट पडणार.

सरकारने लगेच वटहुकूम काढला आणि २००७ मध्येच कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं फीड प्रसार भारतीला द्यायचं, टीव्हीच्या जाहिरातींचं उत्पन्न ७५:२५ वाटायचं, मोठा वाटा हक्कवाल्याचा.

चित्रांचं मिटलं, मग भांडण बातमीवर आलं. एसएमएसवरून स्कोअर पाठवणाऱ्यांविरुद्ध स्टार कोर्टात गेलं. मार्च २०१३ मध्ये आदेश निघाला की स्कोअर १५ मिनिटांनंतरच पाठवा. ऑगस्टमध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने तो रद्द केला. कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र विकत घेता येतं, पण विकेट पडली ही घटना कुणाच्या मालकीची नसते. मला हा निकाल फार आवडतो.

आता ताजी गोष्ट. २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. टीव्ही डिस्ने स्टारकडे, डिजिटल वायकॉम१८ कडे. दोघांत जोरदार चुरस, प्रेक्षकाला मोबाईलवर मॅच फुकट. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघं एकत्र आले आणि चुरस संपली. २००७ चा कायदा दूरदर्शनच्या अँटेना आणि डीटीएचपुरता आहे, मोबाईल अ‍ॅपबद्दल त्यात अवाक्षर नाही. गावाकडचा पोरगा आता मॅच बघतो ती मोबाईलवरच, आणि तिथे दूरदर्शनसारखा हक्काचा वाटेकरी कुणी नाही.

१९९५ च्या निकालाचा तो विसरलेला अर्धा भाग पुन्हा वाचायची वेळ आली आहे, एवढंच.

असो. भेटू पुढच्या वीकेंडला.