पानशेतचा पूर आणि पंगतीतला वाढपी

माउली, वारीच्या वाटेवर आपण किती जणांच्या हातचे खातो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. कुणाची पिठलं-भाकरी, कुणाचा चहा, तर कुणाच्या दारी पुरणपोळी. त्यातून नकळत एक समजूत होते, की देणारे घर वेगळे आणि घेणारे हात वेगळे. १९६१ साली पुण्यात ही समजूत एका दिवसात वाहून गेली.

वेल्हे तालुक्यात अंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरते झालेले नव्हते, तोच पावसाने पाणी वेगाने चढले. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण सावरण्याचा प्रयत्न केला. पण १२ जुलैच्या सकाळी ते फुटले. तो लोंढा खाली खडकवासल्यात आला आणि दुपारपर्यंत तेही धरण फुटले. मुठेचे पाणी नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांत शिरले. मातीचे वाडे बसले, संसार वाहून गेले.

तिथी होती ज्येष्ठ अमावास्या. माउलींची आणि तुकोबारायांची पालखी काही दिवसांपूर्वीच पुण्याचा मुक्काम आटोपून पंढरीच्या वाटेला लागली होती. आषाढी दहा-बारा दिवसांवर होती. विचार करा, ज्या शहराने नुकतेच वारकऱ्यांना जेवू घातले, त्याच शहरातली हजारो माणसे आता दुसऱ्याच्या अन्नाकडे डोळे लावून बसली. आठवड्याभरात दात्याचा याचक झाला.

अशा वेळी शिधा देऊन भागत नाही. चूल चिखलात, सरपण ओले, पीठ-तांदूळ भिजून आंबलेले. खडकवासला फुटल्याने शहराच्या नळाचे पाणीही तुटले. तांदूळ दिला तरी शिजवायचा कशात आणि कशावर? म्हणून तयार अन्नच हवे होते. शाळांतून पूरग्रस्तांची सोय झाली. ज्यांच्या चुली उंचावर होत्या, कोरड्या होत्या, त्यांच्या घरच्या पोळ्या-भाकरी तिथे पोचल्या. कुणाच्या घरची भाकरी कुणाच्या पानात पडली, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. अन्नदानाला याहून शुद्ध रूप कोणते?

पण घेणाऱ्याच्या बाजूनेही पाहा. ज्याने जन्मात कुणापुढे हात पसरला नाही, त्याला रांगेत उभे राहणे भुकेपेक्षा जड जाते. तिथे वाढणाऱ्याची खरी परीक्षा असते. त्याने नाव-गाव, जात विचारायची नाही, तोंडाकडे निरखून पाहायचे नाही, पान रिकामे दिसले की वाढायचे.

आपल्या परंपरेत याचा दाखला मंगळवेढ्याचा आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. पुढे त्या धान्याचे मोल बिदरला भरायला देव गेला, तो विठू महार होऊन, असे संतचरित्रे सांगतात. विचार करा, देवाने राजाचे रूप का घेतले नाही? कारण अन्नाची सेवा वरून खाली टाकायची नसते, ती खालच्या पायरीवर उभे राहून करायची असते.

आणि एक गोष्ट विसरता कामा नये. पानशेत म्हटले की आपल्याला पुण्याचा पूर आठवतो. पण या धरणासाठी अंबीच्या खोऱ्यातल्या लोकांच्या भातखाचरांवर पाणी आले. कित्येकांना गाव, देऊळ, शिवार सोडून दौंडकडच्या परक्या मुलखात जावे लागले. धरण पुन्हा बांधले गेले, आज त्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. पालखी पुण्यात आली की आपण जे पाणी पितो, त्यात या खोऱ्याचे पाणी असते. आपल्याला ज्यांच्या पंगतीची आठवणच राहिली नाही, असे हे अन्नदाते. त्यांनी आपले शेतच वाढून दिले.

तेव्हा माउली, तुमच्या गावच्या अन्नछत्रात, दिंडीच्या भटारखान्यात किंवा एखाद्या आपत्तीत सेवेची संधी आली, तर वाढायलाच जावे असे नाही. भांडी घासा, खरकटे उचला, पाणी भरा. वाढपी होण्याची हौस सर्वांना असते, पण उष्टी काढायला माणूस मिळत नाही. आणि शेवटच्या पंगतीनंतर, ज्याच्यापर्यंत भाकरी पोचलीच नाही असा कुणी कोपऱ्यात बसला आहे का, एवढे पाहून या.

आज तुमच्या हातात पळी आहे. उद्या त्याच हातात पत्रावळ असेल. दोन्ही वेळी हात तोच आहे, हे ज्याला कळले त्याच्या अन्नदानाला अहंकाराचा वास येत नाही.

राम कृष्ण हरी.