मिलफर्ड जंक्शनचा गुरुवार

कोट जाड घ्या, हातमोजे विसरू नका. साल १९४५, महिना फेब्रुवारी. इंग्लंडच्या उत्तरेला, लँकेशायरमधल्या कार्नफर्थ स्टेशनात तुम्ही उतरला आहात आणि रात्रीचे दहा वाजून गेले आहेत. घाबरू नका, तुम्ही इथे कुणालाच दिसणार नाही. थंडी मात्र तुम्हाला वाजणारच.

उतरल्याबरोबर डोळे दिपतात. साडेपाच वर्षं युद्ध चाललेल्या या देशात रात्र म्हणजे अंधार. खिडक्यांना काळे पडदे आणि रस्त्यांवर मिणमिणता उजेड. लंडनवर अजून जर्मनांची रॉकेटं पडताहेत. आणि इथे अख्खा फलाट दिव्यांनी न्हाऊन निघालेला! डेव्हिड लीन नावाच्या छत्तीस वर्षांच्या दिग्दर्शकाला 'ब्रीफ एन्काउंटर' या सिनेमासाठी रात्रीचं स्टेशन हवं होतं. कार्नफर्थ लंडनपासून एवढं दूर, की शत्रूची विमानं आलीच तर दिवे मालवायला वेळ मिळेल, म्हणून ही जागा. दिवसाची वर्दळ ओसरली की फलाट सिनेमावाल्यांचा, तो पार पहाटेपर्यंत.

फलाटावरच्या त्या बाईकडे बघा. साधा कोट, साधी टोपी. चेहरा असा, की बाजारात शेजारून गेली तर तुम्ही मागे वळून बघणार नाही. ही सीलिया जॉन्सन. तिचा खरा नवरा, पीटर फ्लेमिंग, युद्धाच्या कामावर हजारो मैलांवर आहे. आपल्या दिल्लीत ठाणं मांडून जपान्यांना चकवण्याच्या योजना आखणं हे त्याचं काम. ती इथून त्याला पत्रं लिहिते. नवरा असा दूर असताना, ही बाई दुसऱ्याच्या नवऱ्यावर जीव जडलेल्या लग्नाच्या बाईचं काम करते आहे. त्या वर्षी इंग्लंडमधल्या किती घरांत नवरा-बायको एका छपराखाली असतील? सिनेमात युद्धाचं नावही नाही, गोष्ट त्याच्या आधीच्या काळातली आहे. पण पुढे तो बघायला येणाऱ्यांपैकी अनेकांनी ती ताटातूट भोगलेली असणार.

फलाटांमधला भुयारी रस्ता बघून ठेवा. इथे पायऱ्या नाहीत, उतार आहे. नायिकेला एका फलाटावरून दुसरीकडे धावत जायचं असतं आणि उतारावरून ते शोभतं. शेजारच्या फलकावर लीड्स, मोरकॅम अशी उत्तरेकडची खरी गावं तशीच राहिलीत. गोष्ट घडते लंडनच्या आसपास. सिनेमा बघताना कुणाच्या लक्षात येतं ते? रिफ्रेशमेंट रूमकडे मात्र जाऊ नका. सिनेमातली ती खोली इथे नाहीच, ती डेनहॅमच्या स्टुडिओत उभी केली आहे.

आता त्या मोठ्या दिव्याच्या झोतातून पलीकडे या. एकच पाऊल. बघा, स्टेशनचं नाव बदललं: मिलफर्ड जंक्शन. युद्ध नाही, लंडनवर रॉकेटं नाहीत. आज गुरुवार.

आपल्याकडे गुरुवार दत्ताचा, सिनेमाच्या नायिकेचा, लॉरा जेसनचा, तो बाजाराचा. दर गुरुवारी ती गाडीने मिलफर्डला येते. थोडी खरेदी, वाचनालयातलं पुस्तक बदलणं, दुपारी एखादा सिनेमा आणि संध्याकाळच्या गाडीने घरी. दोन मुलं, सालस नवरा. तक्रारीला जागाच नाही, आणि हीच तिची पंचाईत. अशीच एकदा फलाटावर उभी असताना वेगात गेलेल्या गाडीने उडवलेला कण तिच्या डोळ्यात जातो. चहाच्या खोलीत एक अनोळखी डॉक्टर रुमालाच्या टोकाने तो काढून देतो. डॉक्टर अॅलेक हार्वी. त्यालाही बायको आहे, मुलं आहेत. आभार मानून दोघं आपापल्या गाड्यांनी जातात. व्यभिचाराची एवढी बिनमसाल्याची सुरुवात दुसऱ्या कुठल्या सिनेमात तुम्ही पाहिली आहे?

त्यांच्या मागोमाग चला, पण अंतर राखून. पुढच्या गुरुवारांत कार्डोमा कॅफेत एका टेबलावर जेवण, मग सिनेमा, मग तळ्यात होडी. होडीतून डॉक्टर पाण्यात पडतो, दोघं खळाळून हसतात आणि त्या हसण्यातच दोघांना कळून चुकतं. तो आपल्या कामाबद्दल, धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांबद्दल बोलत असतो तेव्हा लॉराचा चेहरा निरखा. तिला त्या आजारांशी काही देणंघेणं नाही. रॉबर्ट क्रास्करचा कॅमेरा त्या मोठाल्या डोळ्यांवर थांबतो. सगळी वासना त्या ऐकण्यात आहे. माझ्या मते पडद्यावरची शंभर चुंबनं या एका ऐकण्यापुढे फिकी आहेत.

चहाच्या खोलीत गल्ल्यावर मर्टल बॅगट चहा ओतते आहे. तिकीट तपासनीस अल्बर्ट तिची थट्टा करतो, अंगचटीला येतो, आणि त्या झटापटीत केक जमिनीवर. समीक्षक या जोडीला हलक्याफुलक्या विरंगुळ्यात काढतात. मला ते पटत नाही. मर्टल हाताखालच्या पोरीला काय सांगते ते कान देऊन ऐका: ही बाई नवऱ्याला कंटाळून, सामान बांधून घराबाहेर पडली, बहिणीकडे गेली आणि तिने चहाचं दुकान काढलं. तिला त्याची लाज नाही. चार पावलांवर बसलेल्या लॉराला हे सुचणंसुद्धा शक्य नाही. तिच्या घराला मोलकरीण आहे, अब्रू आहे आणि चांगला नवरा आहे. तिन्हींतली सगळ्यात जड बेडी कुठली, ते सांगायला नको.

मग ती पहिली थाप मारते. मैत्रिणीला फोन करून, आपल्यासाठी खोटं बोल म्हणून गळ घालते. इथे नीट बघा, कारण या सिनेमाचा खरा गाभा मला इथे वाटतो. प्रेमात पडण्यावर तिला ताबा नव्हता. खोटं मात्र ती ठरवून बोलते आणि ते किती सहज जमलं याचंच तिला भय वाटतं. पुढे डॉक्टरच्या मित्राच्या उसन्या घेतलेल्या खोलीत दोघं जेमतेम भेटतात तोच मित्र वेळेआधी परततो आणि ती मागच्या दाराने पळते, पावसात. दोघांच्यात 'काही' झालेलं नाही. तरी तिच्या लेखी सगळं होऊन गेलं आहे.

क्षणभर डेनहॅमला डोकावून या. डॉक्टरचं काम करणारा ट्रेव्हर हॉवर्ड या प्रसंगावर चक्रावला आहे: खोलीत दोघंच, हवं दोघांनाही, मग हा गडी ओल्या लाकडांच्या गप्पा काय मारत बसलाय? लीन त्याची समजूत काढतो. चूक हॉवर्डचीही नाही. ज्या छोट्या नाटकावरून हा सिनेमा निघाला, ते नोएल कॉवर्डचं 'स्टिल लाइफ', १९३६ मध्ये लंडनच्या फीनिक्स थिएटरात झालं. सगळं नाटक त्या चहाच्या खोलीत, डॉक्टर स्वतः कॉवर्ड. त्यात प्रकरण बोलण्यापलीकडे गेल्याचं स्पष्ट जाणवतं. सिनेमाने त्यांना उंबरठ्यावरूनच परत फिरवलं. सेन्सॉरची भीती असेलही. पण ओढ टिकली ती त्यामुळेच.

परत मिलफर्डला. शेवटचा गुरुवार. डॉक्टरला जोहान्सबर्गला नोकरी आहे, पुन्हा भेट नाही. दोघांकडे काही मिनिटं उरली आहेत आणि तेवढ्यात डॉली मेसिटर येते. ओळखीची, बोलघेवडी, थांबता न थांबणारी. टेबलावर चहा मागते आणि बडबडते. तुम्हाला वाटेल, तिला उठवून बाहेर काढावं. पण तुम्ही कुणाला दिसत नाही, म्हटलं ना. डॉक्टरची गाडी येते. जाताना तो लॉराच्या खांद्यावर हात ठेवतो, किंचित दाबतो आणि निघून जातो. एवढाच निरोप. थोड्या वेळाने एक्सप्रेस धडधडत येते, लॉरा उठून बाहेर धावते, फलाटाच्या कडेपर्यंत जाते. डब्यांतले दिवे तिच्या चेहऱ्यावरून सपासप सरकतात. ती उडी घेत नाही. मुलांसाठी, नवऱ्यासाठी असं काही नाही. धीर झाला नाही, असं ती स्वतःच मनाशी कबूल करते. या प्रामाणिकपणासाठी मी या सिनेमाला बाकी सगळं माफ करतो, पार्श्वसंगीतातल्या रॅखमानिनॉफच्या पियानोची पुनःपुन्हा येणारी लाटसुद्धा.

तिच्याबरोबर घरी या. नवरा, फ्रेड, शब्दकोडं सोडवतो आहे. कीट्सच्या कवितेतला गाळलेला शब्द त्याला हवा आहे, सात अक्षरांचा. ती सांगते, रोमान्स. तो जुळवून बघतो: बरोबर, 'बलुचिस्तान'शीही जुळतंय! इंग्रजांच्या कोड्यात आपला उपखंड असा उभ्या-आडव्या चौकटीत बसलेला. फ्रेड बावळट आहे असं समजू नका. शेवटी तो एवढंच म्हणतो, की तू फार लांब गेली होतीस, परत आलीस, बरं झालं. त्याला किती ठाऊक आहे, हे लीन आपल्याला कळू देत नाही, आणि तिथेच माझी सहानुभूती पहिल्यांदा लॉराकडून त्याच्याकडे वळते.

परतण्याआधी दोन थांबे. पहिला, केंटमधलं रॉचेस्टर. कच्ची प्रत चाचणीला लावली आहे, लीन मागे उभा आहे. पुढच्या रांगेतली एक बाई प्रेमाच्या प्रसंगाला हसते, मग हशा सगळ्या थिएटरात पसरतो. नंतर लीन सांगायचा, की त्या रात्री निगेटिव्ह जाळून टाकावी असं त्याला वाटलं होतं.

दुसरा थांबा कान, १९४६ चा शरद. युद्धानंतरचा पहिला महोत्सव. सर्वोच्च पुरस्कार, ग्राँ प्री, अकरा चित्रपटांत वाटला गेला. 'ब्रीफ एन्काउंटर' त्यातला एक. आणखी एक होता मुंबईच्या चेतन आनंद यांचा 'नीचा नगर', ज्याला संगीत होतं रवि शंकर यांचं.